हो म्हणा, मामा

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये चार वर्षं माझ्याबरोबर राहिलेल्या मैत्रिणीला तर नाहीच. आणि मी काही अबोल बाई नाही हं — मिरजेची आहे, बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार होतो. पण हे एवढं एक तोंडाशी यायचं आणि मी दुसरंच काहीतरी बडबडायचे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही जात.

हसू नका, पण याची सुरुवात ऑफिसातल्या एका ॲपपासून झाली. त्याच्यावर लोकांची मतं गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. एवढंसं काम! त्यात कुणाचं काय वाईट होणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं — नाही, थांबा, हे खोटं आहे. मला तेव्हाही कळत होतं.

आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग करते. कारखाना ओरगडमला, आणि ऑफिस मैलापूरमध्ये, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. मी आले तेव्हा मला तमिळमधलं ‘सापाड’ आणि ‘तण्णी’ एवढंच येत होतं, म्हणजे जेवण आणि पाणी. पहिल्याच आठवड्यात एक उंच, कपाळावर गंध लावलेले गृहस्थ माझ्या टेबलापाशी आले नि म्हणाले, “तुम्ही मराठी कीं?” मी हो म्हटलं. “मीहि मराठीच. तंजावरचा. जेवायला वर या.” मला इतकं हसू आलं! ऐतिहासिक नाटकातून कुणी कारकून थेट आमच्या डिस्पॅच विभागात येऊन बसल्यासारखं वाटलं. ते सेतुराव. सगळं ऑफिस त्यांना राव सार म्हणायचं. मी मामा म्हणायला लागले.

मामांच्या घराण्याला तंजावरात येऊन कितीतरी पिढ्या झाल्या होत्या. त्यांनी स्वतः महाराष्ट्र कधी पाहिला नव्हता. पण मामींच्या डब्यातली आंबट भाजी खाताना ते मला मिरजेबद्दल असं विचारायचे, जणू तिथे त्यांचं कुणीतरी राहतं. स्टेशन कसं आहे, नदी किती लांब, लोक जेवायला काय करतात. मी घरून आलेली शेंगदाण्याची चटणी द्यायचे. ती खाऊन त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि तरी ‘अजून घाल’ म्हणायचे. माझं माणूस या शहरात तेवढं एकच होतं.

त्यांना ऐकू येत नाही, हे मला जवळजवळ वर्षभर कळलं नव्हतं. पाठीमागून हाक मारली की ओ द्यायचे नाहीत, तेव्हा मला वाटायचं — म्हाताऱ्याला भारी गर्व आहे. मग एक दिवस गच्चीवर डबा उघडता उघडता त्यांनी आपणहून सांगितलं. उजवा कान गेला, डावा जातो आहे. यंत्र होतं, पण फोनवर ते शिट्टी मारायचं, म्हणून खिशात असायचं. समोरचा माणूस तमिळ किंवा इंग्रजी बोलत असेल तर ओठ पाहून त्यांना सगळं कळायचं. माझ्या मिरजेकडच्या मराठीत मात्र त्यांचं गाडं अडायचं, मग मी कागदावर लिहून दाखवायचे. हे ऑफिसात कुणालाही ठाऊक नव्हतं.

कसं काय, विचाराल. मेलमुळे. आमचं सगळं काम मेलवर चालायचं. कुठल्या ट्रकमध्ये काय भरायचं, कुठली पेटी थांबवायची, सगळं कारखान्यातून लिहून यायचं. मामा प्रत्येक मेल दोनदा वाचायचे, खूण करायचे, उत्तर लिहायचे. सगळ्या डिस्पॅचमध्ये चूक नसलेला माणूस एकच होता, आणि तो बहिरा होता. ते ॲप यायच्या सुमाराला त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. “कळलें कीं घरीं बसवतील,” मला म्हणाले होते. “घरीं बसून मी काय करूं ग? येथें मी राव सार आहे.”

आणि मग ते ॲप आलं. तुमच्याही ऑफिसात असेलच तसलं काहीतरी. गप्पांचे गट, फायली, कॉल, आवाजी निरोप, नावापुढे हिरवा ठिपका. मला ते मनापासून आवडलं, खोटं कशाला बोलू? मेलच्या त्या शेपट्यांना मी कंटाळले होते. एकाने ‘ओके’ म्हणायचं आणि ते तीस जणांना जायचं! आमचे मॅनेजर मुरली, माझ्याहून चारच वर्षांनी मोठे, त्यांनी मला ॲपचं चॅम्पियन केलं. म्हणजे गळ्यात पिवळी पट्टी घालून टेबलाटेबलाशी जायचं आणि लोकांना शिकवायचं. वर म्हणाले, हे इथे नीट बसलं तर हेच पुण्याच्या ऑफिसात बसवायला तुलाच पाठवू.

पुणे. मिरज तिथून रेल्वेने एका दिवसात जाऊन परत यावं एवढ्यावर. सहा वर्षं इडलीच्या वासाने उठणाऱ्या पोरीला पुणे म्हणजे काय वाटतं, ते काय सांगू तुम्हाला! पण हे कारण म्हणून सांगत नाहीये. फक्त सांगतेय.

ॲपबरोबर कॉल आले. रोज सकाळी अकराला, ऑफिस आणि कारखाना मिळून. प्रत्येकाने आपापल्या टेबलावर कानाला हेडफोन लावून बसायचं, आणि नेट अडकतं म्हणून कॅमेरे बंद. ओठ गेले! खाली अक्षरं उमटायची सोय होती, पण आमची माणसं अर्धं तमिळ अर्धं इंग्रजी बोलणार, ॲप बिचारं गोंधळून काहीच्या बाही लिहायचं. पहिल्या कॉलनंतर मामांचा चेहरा बघवेना. तेव्हा मीच त्यांना म्हटलं — मीच, त्यांनी नाही मागितलं — मामा, मी तुम्हाला लिहीत जाईन. कॉल चालू असताना, फक्त तुमच्या-माझ्या खिडकीत. मराठीत. दुसऱ्या कुणी पाहिलं तरी कळायचं नाही.

आणि तसं चाललं हो, छान चाललं! मुरली काय म्हणाले, कारखान्यातला सेल्वम काय विचारतोय, मी भराभरा टाइप करायचे. ‘सेल्वम विचारतोय, पेट्या आज की उद्या.’ दोन सेकंदांनी पार्टिशनपलीकडून मामांचा खणखणीत आवाज — “टुमॉरो मॉर्निंग, सेल्वम!” मला काय अभिमान वाटायचा! कधी सेल्वम बायकोला घाबरतो वगैरे फालतू चहाटळपणाही मी मध्येच लिहायचे, आणि मामा खोकल्याचं निमित्त करून हसायचे.

मग कंपनीने ठरवलं की अंतर्गत मेल बंदच करायचं. सगळं ॲपवर. पण आधी कर्मचाऱ्यांची मतं घ्या, असं वरून आलं. पिवळी पट्टी घालून मी निघाले. लोकांनी काय काय सांगितलं म्हणून सांगू! खरेदी विभागातली कविता म्हणाली, मुलाला आंघोळ घालतानासुद्धा फोन टुंगटुंग करतो, मेल निदान दारात वाट बघत उभं राहायचं. एकाने सांगितलं, जरा संडासला गेलं की हिरवा ठिपका पिवळा होतो आणि साहेब विचारतात कुठे होतास. एक बाई म्हणाल्या, रागाने लिहिलेलं मेल मी आधी न पाठवता ठेवून द्यायचे, जेवून आल्यावर पुसून टाकायचे, आता बोट लागलं की गेलं. उलट कारखान्यातली मुलं खूश होती. हाताला ग्रीस असताना टाइप कोण करणार, आवाजी निरोप सोडला की झालं. सगळी मतं खरी होती. पण मोजून पाहिली तर निम्म्याहून जास्त लोक मेल राहू द्या म्हणत होते. माझं पुणे हातातून चाललं होतं.

मामांनी फॉर्मवर तो प्रश्न कोराच सोडला. विरोध लिहिला तर मुरली का म्हणून विचारतील, ही भीती. पण गच्चीवर मला म्हणाले, “मेल तेवढें बंद होऊं देऊं नको. तूं त्यांच्यांत आहेस. मेल गेलें कीं मी गेलों.” मी म्हटलं, नाही होऊ देणार, मामा. अगदी त्यांच्या हातावर हात ठेवून म्हटलं. तो हात अजून मला — असो.

आता त्या सकाळच्या कॉलचं. हे सांगायलाच बसलेय मी, आणि बघा कशी चटणीपासून सुरुवात केली.

मुरलींनी आकडे वाचले. त्यांचा आवाज पडला होता. मुख्य ऑफिसातलेही दोघे कॉलवर होते. कारखाना हवं म्हणतोय, ऑफिस नको म्हणतंय, वाद लागायची चिन्हं. मी मामांना लिहीत होते — ‘आकडे सांगतायत’, ‘कविता बोलतेय’. आणि एकदम मुरली म्हणाले, आपण सगळ्यात ज्येष्ठ माणसाला विचारू. राव सार, तुम्ही फॉर्ममध्ये हे कोरं सोडलंय. एक तारखेपासून अंतर्गत मेल पूर्ण बंद केलं, तर तुम्हाला चालेल का?

सगळे थांबले. पार्टिशनपलीकडे मामाही थांबले होते. ते आमच्या खिडकीकडे बघत होते, माझ्या ओळीची वाट पाहत. मला त्यांचं डोकं दिसत होतं, थोडं पुढे झुकलेलं.

मी काय लिहायला हवं होतं, ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. दहा-बारा शब्द.

मी लिहिलं — ‘ॲप आवडलं का विचारतायत. हो म्हणा, मामा.’

चूक झाली, घाई झाली, असं नाही. मी लिहिलं, वाचलं, आणि मग पाठवलं.

आणि मामा नुसतं हो म्हणाले असते तर एक वेळ... पण त्यांना वाटलं, हे माझ्या कामाबद्दल विचारतायत. माझी बाजू घ्यायची संधी आहे! तो खणखणीत आवाज सगळ्या कॉलवर घुमला. “येस, येस! व्हेरी गुड, सार. नो प्रॉब्लेम अॅट ऑल. वैशाली हॅज डन व्हेरी वेल. आय गिव्ह फुल सपोर्ट.” पडद्यावर टाळ्यांची चित्रं उडाली. मुरली म्हणाले, बघा, राव सारना चालतंय, मग आपल्याला काय झालं? पाच मिनिटांत ठरलं.

केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते मी पूर्वी नुसतं म्हणायचे.

गच्चीवर त्यांनी मला विचारलं, “बरें बोललों कीं?” चेहऱ्यावर काय आनंद होता! मी मान हलवली आणि डब्यात बघून जेवले. मग दोन दिवसांनी मेल बंद होत असल्याचं मेल आलं. मामांनी ते दोनदा वाचलं असणार. माझ्या टेबलाशी आले, उभे राहिले. मी कागद ओढला आणि लिहिलं — ‘वरून ठरलं, मामा. माझं काही चाललं नाही.’ हे दुसरं. पहिलं पाप एका क्षणाचं म्हणता येईल, हे दुसरं मी दोन दिवस तयार करून ठेवलं होतं. त्यांनी कागद वाचला, माझ्या डोक्यावर थोपटलं. “परवाइल्ल,” म्हणाले. म्हणजे असू दे. “तूं तरी काय करशील.”

त्याच दिवशी मी आमच्या खिडकीतली ती ओळ पुसली. पण ॲपमध्ये पुसलेलंही दिसतं हो! वर ‘आकडे सांगतायत’, ‘कविता बोलतेय’, आणि खाली करड्या अक्षरांत — हा संदेश काढून टाकला आहे. आणि त्याच्या खाली पुढच्या दिवसाचं माझं साळसूद टायपिंग. मामा सगळं दोनदा वाचणारे. फिरून मागे जाऊन वाचणारे. त्यांनी ते पाहिलं का? मुरलींच्या तोंडून नाही तरी कविताच्या तोंडून त्यांना कळलं का, की तुम्हीच तर हो म्हणालात राव सार? मला माहीत नाही. त्यांनी कधी विचारलं नाही. मी कधी विचारायची हिंमत केली नाही.

पुढचे चार महिने मी चालवलं. कॉलवर आधीपेक्षा जास्त मन लावून लिहायचे, चोराच्या मनात चांदणं. पण आता कारखान्यातून आवाजी निरोप यायचे, दिवसाला तीस-चाळीस. मामा त्यांच्या फोनवरचा तो त्रिकोण दाबायचे, फोन डाव्या कानाशी धरायचे, मग माझ्याकडे बघायचे. मी ऐकून लिहून द्यायचे. मलाही काम होतं. एकदा मी नुसतीच वैतागून मान झटकली. एकदाच. त्यानंतर ते माझ्याकडे फोन घेऊन आले नाहीत. आपले आपण अंदाजाने करायला लागले.

आणि एका दुपारी सेल्वमचा निरोप होता, सदोष निघालेल्या पेट्या थांबवा. मामांनी ऐकल्यासारखं केलं आणि पेट्या सोडल्या. गिऱ्हाइकाच्या कारखान्यातलं काम बंद पडलं. मुरली त्यांच्या मागे येऊन उभे राहून विचारत होते, सार, तुम्ही निरोप ऐकला नव्हता का? ऐकला नव्हता का? मामा पडद्याकडे बघत टाइप करत होते. मुरली तिसऱ्यांदा ओरडले. सगळं ऑफिस उठून उभं राहिलेलं, आणि त्या सगळ्यांना एकदमच कळलं. आपल्या मागे कुणी उभं आहे, हे मामांना शेवटी कळलं. ते वळले आणि हसले — कुणीतरी आपल्याशी काही चांगलं बोलतंय असं समजून हसले.

त्यांना कुणी काढलं नाही. मुरली वाईट माणूस नाहीत, आधी सांगितलं असतं तर काहीतरी केलं असतं, असं म्हणून डोळे पुसत होते. मामांनी स्वतःच राजीनामा लिहिला. अठरा महिने राहिले होते. राजीनामा मात्र मेलने पाठवता आला नाही, छापून द्यावा लागला.

निरोपाचा कार्यक्रम गच्चीवर झाला. मी मामांच्या शेजारी बसले आणि सगळ्यांची भाषणं फोनवर टाइप करून त्यांच्यापुढे धरत होते. मुरलींचं, कविताचं, ओरगडमहून मुद्दाम आलेल्या सेल्वमचं. शब्द सोडला नाही एकही. मामा वाचायचे, हात जोडायचे. मग स्वतः उठून बोलले, इंग्रजीत, त्या खणखणीत आवाजात. माझ्याकडे बोट करून म्हणाले, मागचे सहा महिने माझं काम मी माझ्या कानांनी केलं नाही, या मुलीच्या हातांनी केलं. तिने मला एक शब्द कमी सांगितला नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळेच म्हणाले, वैशाली, तू बोल.

मी उभी राहिले. माझं भाषण टाइप करायला तिथे कुणी नव्हतं. मामा माझ्या ओठांकडे बघत होते. मी मराठीत बोलले, जी त्यांना माझ्या ओठांवरून कळत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. बाकीच्यांना वाटलं, किती आपुलकी! तेव्हा तरी मी खरं सांगितलं असेन, असं तुम्हाला वाटतंय का? गच्चीवर ते समजणारं एकही माणूस नसताना? नाही. तेव्हाही मी चांगलं-चांगलंच बोलले. मामा माझ्या वडिलांसारखे आहेत वगैरे.

खाली उतरताना त्यांनी विचारलं, “काय बोललीस ग?” मी हातानेच ‘छान’ अशी खूण केली. ते थांबले, भिंतीला धरून. म्हणाले, “तसें नको. लिहून पाठव. मेलवर. मी सावकाश वाचीन.”

पुण्याचं पुढे काही झालं नाही. तिथे त्यांनी दुसरंच ॲप घेतलं. मी इथेच आहे, डिस्पॅचमध्ये, खिडकीजवळच्या त्याच टेबलाशी. मामा मैलापूरमध्येच राहतात, ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर. डावा कानही आता पूर्ण गेला, असं मामींनी फोनवर सांगितलं. मागून कुणी कितीही हाका मारल्या तरी त्यांना कळत नाही. दिवसभर संगणकापुढे बसतात. दिवाळीला आणि पोंगलला मला त्यांचं मेल येतं. मामींची तब्येत, पाऊस, मिरजेची चौकशी. शेवटी दर वेळी तीच एक ओळ असते — ‘तूं बोललेलें अजून आलें नाही. वाट पाहतों.’

मी उत्तर पाठवते. मिरजेला सगळे ठीक आहेत, असं लिहिते.